पतनभय, वृद्धांतील

उतारवयात तोल जाऊन पडण्याविषयी वाटणारी, वाजवी सावधगिरीची मर्यादा ओलांडणारी आणि एरवी सहज झेपतील अशा हालचालीही टाळावयास लावणारी टिकाऊ भीती. पतनभय हा स्वतंत्र रोग मानला जात नाही. परंतु ते केवळ पडण्याचा परिणामही नव्हे. एकदाही न पडलेल्या अनेक वृद्धांत ते आढळते, तर पडलेल्यांपैकी पुष्कळांना त्याची बाधा होत नाही. मराठी बोलण्यात या अवस्थेला पूर्वीपासून दोन शब्द आहेत. प्रत्यक्ष आघातानंतर मनात बसतो तो ‘धसका’ आणि काही घडले नसतानाही पुढच्या विचाराने वाटते ती ‘धास्ती’. वैद्यकाच्या हा भेद बराच उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत, लक्षात आला. कोणत्या वृद्धाला पुढे पतनभय जडेल याचे पूर्वानुमान करताना हाच भेद सर्वांत अडचणीचा आणि सर्वांत उपयोगाचा ठरला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडण्यामुळे मरण पावतात आणि वैद्यकीय उपचार घ्यावे लागतील इतपत गंभीर अशा पडण्याच्या सुमारे ३ कोटी ७३ लाख घटना घडतात. मृतांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. त्यामुळे भीती निराधार म्हणता येत नाही. मात्र भीतीचे स्वतःचे असे दुष्परिणाम आहेत आणि ते प्रत्यक्ष दुखापतीवाचूनही घडतात. सिडनी येथील रॉबर्ट कमिंग व त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, न पडता हालचाली करता येतील असा आत्मविश्वास ज्यांना कमी होता त्यांची दैनंदिन व्यवहार करण्याची क्षमता पुढील वर्षभरात अधिक घसरल्याचे दिसले. पूर्वी न पडलेल्या, पण पडण्याची भीती वाटते असे सांगणाऱ्या व्यक्तींना वृद्धसेवा संस्थेत दाखल व्हावे लागण्याची जोखीमही वाढलेली आढळली. भीतीमुळे माणूस घराबाहेर पडण्याचे टाळतो, मग घरातल्या घरात फिरण्याचेही. वापराअभावी मांडीचे व पोटरीचे स्नायू दुर्बल होतात, सांधे आखडतात, तोल सावरण्याची सवय मोडते आणि ज्याची भीती होती तो धोका खरोखरच वाढतो. देवदर्शन, लग्नकार्य, शेजारी जाणे-येणे सुटते ते निराळेच.

इतिहास : १९८२ हे या विषयाच्या इतिहासातील महत्त्वाचे वर्ष होय. त्या वर्षी मर्फी आणि ब्रिटिश वृद्धोपचारतज्ञ बर्नार्ड आयझॅक्स यांनी पडल्यामुळे रुग्णालयात आलेल्या ३६ वृद्धांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांपैकी काही रुग्ण उभे राहताच जवळच्या वस्तूला किंवा माणसाला घट्ट कवटाळीत व आधाराशिवाय पाऊल टाकू शकत नसत. याचा पुरेसा उलगडा तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) वा अस्थींच्या विकाराने होत नव्हता. या अवस्थेस त्यांनी पतनोत्तर लक्षणसमूह असे नाव दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील भाला, ओडॉनेल व थोपिल यांनी चालण्याच्या अशाच तीव्र भीतीचे वर्णन भयगंडाचा एक प्रकार म्हणून केले. या दोन्ही लेखांत भीती ही पडण्यानंतरची गोष्ट गृहीत धरली होती. पुढील काळात रुग्णालयाबाहेर, आपापल्या घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पाहण्या होऊ लागल्या, तेव्हा हे गृहीत अपुरे ठरले.

मापन : भीती मोजावी कशी, हा प्रश्न येथे केवळ तांत्रिक नाही, कारण पूर्वानुमान कशाचे करावयाचे हे त्यावरच ठरते. ‘तुम्हाला पडण्याची भीती वाटते का?’ हा एकच प्रश्न सर्वांत सोपा. परंतु पुष्कळ पुरुष भीतीची कबुली देण्यास कचरतात, आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांत ओल्या फरशीवर जपून चालणारा व खोलीबाहेर न पडणारा असे दोघेही येतात. येल विद्यापीठातील मेरी टिनेटी यांनी १९९० मध्ये निराळा मार्ग स्वीकारला. मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्वसामर्थ्यबोधाच्या, म्हणजे एखादे काम आपण पार पाडू शकू या विश्वासाच्या, संकल्पनेवर आधारलेली दहा कामांची मापश्रेणी त्यांनी तयार केली. भीती किती हे न विचारता, न पडता अंघोळ करणे, कपडे घालणे, खुर्चीत बसणे-उठणे इ. कामे करता येतील याची खात्री किती, हे तीत विचारले जाते. १९९५ मध्ये पॉवेल व मायर्स यांनी अधिक अवघड, घराबाहेरील हालचालींचा समावेश असलेली सोळा प्रश्नांची श्रेणी सुचविली. २००५ मध्ये ल्यूसी यार्डली व यूरोपातील त्यांचे सहकारी यांनी रचलेली सोळा कलमांची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आज सर्वाधिक प्रचारात आहे. तीत प्रत्येक कामी पडण्याची काळजी कितपत वाटते यासाठी १ ते ४ गुण असतात. एकूण गुण १६ ते ६४ या मर्यादेत येतात आणि २८ वा अधिक गुण हे तीव्र काळजीचे लक्षण समजतात. सात कलमांची तिची संक्षिप्त आवृत्तीही आहे.

मापनपद्धती व निवडलेली व्यक्तिसमूह यांनुसार आकडे किती बदलतात हे २००८ मधील एका समीक्षेवरून ध्यानात येते. तीत संकलित केलेल्या निरनिराळ्या अभ्यासांत पतनभयाचे प्रमाण ३ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत आढळले होते. एवढ्या फरकाचे कारण वृद्धांच्या मनात शोधण्यापेक्षा प्रश्नांच्या शब्दरचनेत शोधणे अधिक योग्य ठरेल.

भीती व तोल : दृष्टी, अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिय आणि स्नायू व सांधे यांतून येणारे स्थितिज्ञान यांच्या मेळातून शरीराचा तोल राखला जातो. संतुलनेंद्रियाकडून येणारे संदेश जेथे पोहोचतात त्या मस्तिष्कस्तंभातील केंद्रांचा भीतीशी निगडित अशा मेंदूच्या भागांशी संबंध असतो. म्हणून डोके गरगरले की भय वाटते आणि भय वाटले की तोल ढळल्यासारखा वाटतो. भ्यालेला माणूस अंग ताठ धरतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदमच आकुंचन पावतात, पावले आखूड पडतात, गती मंदावते आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा काळ वाढतो. कॅनडातील ब्रायन माकी यांनी १९९७ मध्ये या संदर्भात एक उद्‌बोधक भेद दाखविला. आखूड पावले, मंद गती व दोन्ही पायांचा वाढलेला टेकणकाळ यांचा संबंध मुख्यतः भीतीशी होता; पुढे प्रत्यक्ष पडण्याचे सूचक ठरले ते पावलापावलांतील अनियमितपण. म्हणजे हळू चालणे हे धोक्याचे लक्षण असेलच असे नाही, ते भीतीचेही असू शकते. भीतीमुळे लक्षही विभागले जाते. एरवी आपोआप होणारी चाल जाणीवपूर्वक करू लागल्याने ती अवघडते. भयभीत वृद्ध चालताना पुढच्या अडथळ्याकडे पाहण्याच्या घाईत, जेथे पाऊल टाकावयाचे त्या जागेवरची नजर वेळेआधीच काढून घेतात, असेही प्रयोगांत आढळले आहे.

पूर्वानुमान : एखाद्या वेळी केलेल्या पाहणीत भीती वाटणारे व न वाटणारे यांची तुलना केल्यास स्त्रिया, अधिक वयाच्या व्यक्ती आणि पूर्वी पडलेल्या व्यक्ती यांत भीती अधिक दिसते. एवढ्यावरून कारण कोणते व कार्य कोणते हे ठरत नाही. घरात बसून राहिल्यामुळे भीती आली की भीतीमुळे घरात बसणे आले, हे कळण्यासाठी आरंभी भीती नसलेल्या व्यक्तींची नोंद घेऊन काही काळाने त्यांची पुन्हा तपासणी करावी लागते. असे कालानुगामी अभ्यास खर्चिक असतात व त्यांत एक दोष राहतोच. मधल्या काळात अशक्त व आजारी व्यक्तीच अधिक गळतात आणि उरलेल्यांचे चित्र वास्तवापेक्षा बरे दिसते.

अशा अभ्यासांपैकी अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातील सॉल्झबरी येथील अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. मुळात तो दृष्टिदोषांच्या पाहणीचा प्रकल्प होता. आरंभी ६५ ते ८४ वर्षे वयाच्या सुमारे २,२०० व्यक्तींच्या माहितीवरून फ्रीडमन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘आधी पडणे की आधी भीती’ हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला. जे आरंभी पडलेले होते त्यांच्यात वीस महिन्यांनंतर नवी भीती उद्‌भवण्याचे शक्यता-गुणोत्तर १·७५ होते. आणि ज्यांना आरंभी भीती होती त्यांच्यात पुढे पडण्याचे गुणोत्तर १·७९, म्हणजे जवळजवळ तेवढेच, आढळले. दोन्ही दिशांनी वाट मोकळी आहे, असा याचा अर्थ. मात्र दोहोंचे पूर्वसूचक घटक सर्वस्वी सारखे नव्हते. कंपवात व एकाहून अधिक व्याधींचे सहअस्तित्व यांवरून पडण्याचे अनुमान होत होते. भीतीचे अनुमान वय, मानसिक अस्वास्थ्य आणि चार वा अधिक औषधांचे नित्य सेवन यांवरून होत होते. पक्षाघात होऊन गेलेल्या स्त्रियांना मात्र दोन्हींचा धोका होता. जो पडेल तोच भिईल असे मानून चालणाऱ्या चिकित्सकाच्या नजरेतून भीतीच्या वाटेवर असलेले अनेक जण निसटतात, ते यामुळेच.

भीती आधी नव्हती अशा, ७२ वा अधिक वर्षे वयाच्या व स्वतःच्या घरी राहणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास सूझन मर्फी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नवी भीती उद्‌भवण्यास अनुकूल असे चार घटक पुढे आले : ऐंशीपुढील वय, दृष्टिमांद्य, बैठी जीवनपद्धती आणि मनातले बोलण्यास हक्काचे माणूस नसणे. हे घटक जितके अधिक एकवटलेले, तितकी भीती उद्‌भवण्याची शक्यता अधिक होती. या चौकडीत शेवटच्या घटकाचे स्थान अनपेक्षित वाटेल, पण ते समजण्यासारखे आहे. पडल्यावर हाक ऐकणारे कोणी असेल की नाही, हा विचार एकट्या माणसाच्या भीतीत हाडाच्या विचाराइतकाच वजनदार असतो.

पडणे हे कारण मानले, तरी ते पुरेसे कारण नाही हे न्यू मेक्सिकोमधील ॲल्बकर्की येथील निरीक्षणांवरून (१९९७) स्पष्ट होते. तेथे अभ्यासकाळात पडलेल्या २१९ वृद्धांपैकी ७० जणांनी, म्हणजे सुमारे ३२ टक्क्यांनी, भीती वाटत असल्याचे सांगितले. बाकीच्या दोनतृतीयांशांनी तसे सांगितले नाही. पडण्याआधीच ज्यांची चाल व तोल बिघडलेला असतो, ज्यांना स्वतःचे आरोग्य खालावल्याचे वाटते, त्यांच्या मनात एकच प्रसंग घर करून राहतो. इतरांच्या बाबतीत तो किरकोळ अपघात म्हणून विसरला जातो.

घटक कळले म्हणजे व्यक्ती ओळखता आली असे नव्हे. संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित असा संबंधही व्यक्तीच्या बाबतीत बेताचाच मार्गदर्शक ठरतो. हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक हजार वृद्धांपैकी दोनशे जणांना पुढील दोन वर्षांत पतनभय जडणार आहे, आणि हाती असलेली कसोटी अशा शंभरांतील सत्तर जणांना अचूक ओळखते, तसेच भीती न जडणाऱ्या शंभरांतील सत्तर जणांना योग्य रीत्या वगळते. ही कसोटी दोनशेपैकी १४० जणांना हेरील. परंतु उरलेल्या आठशेंपैकी २४० जणांवरही चुकून बोट ठेवील. एकूण ३८० संशयितांत खरे १४०, म्हणजे साधारण तीनांत एक. अलीकडे संगणकीय पद्धतींनी अनेक घटक एकत्र करून असे अनुमान करण्याचे प्रयत्न होत आहेत. त्यांची कसोटी ज्या समूहावर ती पद्धत बेतली त्याच्यावर नव्हे, तर दुसऱ्याच गावातील, निराळ्या राहणीच्या समूहावर लागली पाहिजे. आणि सांगितलेली शक्यता प्रत्यक्षातील प्रमाणाशी जुळते की नाही हेही पाहिले पाहिजे. भीतीचे स्वरूप स्थिर नसल्याने काम आणखी कठीण होते. काहींची भीती काही महिन्यांत ओसरते, तर काहींची शस्त्रक्रियेनंतर वा जोडीदाराच्या मृत्यूनंतर परत येते.

चुकीने संशयित ठरलेल्याला व्यायाम सुचविल्याने फारसे बिघडत नाही. ‘तुम्ही पडाल’ असे बजावल्याने मात्र बिघडू शकते. घरातील मंडळींचे ‘उठू नका, आम्ही देतो’ हे प्रेमाचे वाक्य अनेकदा याच जातीचे असते. पूर्वानुमानाचा निष्कर्ष वृद्धाला कोणत्या शब्दांत सांगावा, याचा विचार त्या गणिताइतकाच आवश्यक आहे.

समज व वास्तव यांतील अंतर : सिडनी येथील किम डेल्बेअर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ७० ते ९० वर्षे वयाच्या ५०० व्यक्तींची दोन प्रकारे पारख केली. पडण्याविषयी वाटणारी काळजी प्रश्नावलीने मोजली. शारीरिक जोखीम मोजण्यासाठी दृष्टी, पायांतील स्थितिज्ञान, गुडघ्याच्या स्नायूंचे बल, प्रतिक्रियाकाल आणि उभे असताना शरीराचे डोलणे यांच्या चाचण्या घेतल्या. दोन्ही मापे एकमेकांशी ताडून पाहता चार गट पडले. जोखीम कमी व काळजीही कमी असे २९ टक्के. जोखीम अधिक व काळजीही अधिक असे ४० टक्के. जोखीम कमी असूनही काळजी अधिक असे ११ टक्के. आणि जोखीम अधिक असूनही निश्चिंत असलेले २० टक्के. सुमारे एकतृतीयांश लोकांचा स्वतःविषयीचा अंदाज वास्तवाला धरून नव्हता. विनाकारण भिणाऱ्या गटात अवसादाची (खिन्नतेची) लक्षणे, चिंताळू स्वभाव आणि नियोजन व लक्षनियंत्रण यांसारख्या बौद्धिक कार्यांतील न्यून यांचा प्रभाव दिसला. निश्चिंत गट बेफिकिरीमुळे अधिक पडेल अशी अपेक्षा साहजिकच होती. प्रत्यक्षात त्यांच्या आशावादी वृत्तीचा व टिकवून ठेवलेल्या हालचालींचा त्यांना काहीसा बचावच झाला. काळजी आणि शारीरिक जोखीम ही दोन्ही मापे परस्परांपासून स्वतंत्रपणे पुढील पडण्याची सूचक होती.

चिकित्सेच्या दृष्टीने या वर्गीकरणाचे मोल मोठे आहे. चाळीस टक्क्यांच्या गटाची भीती समजूत घालून काढणे अनुचित होय. त्यांचे शरीर सांगते तेच ते सांगत असतात आणि त्यांना बळ व आधार यांची गरज असते. अकरा टक्क्यांच्या गटाला केवळ काठी दिल्याने भागत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही वृद्धांच्या पडण्याच्या जोखमीचे मूल्यमापन करताना पडण्याविषयीच्या काळजीची स्वतंत्र विचारणा करावी, असे सुचविले आहे.

भारतातील स्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वा अधिक वर्षे वयाच्या व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८·६ टक्के होत्या, महाराष्ट्रात हे प्रमाण ९·९ टक्के होते. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या दीर्घकालीन वार्धक्य पाहणीच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांपुढील व त्यांचे वैवाहिक जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेण्यात आली. तीत पडण्याच्या घटनांचीही विचारणा होती. त्याच व्यक्तींकडे पुनःपुन्हा जाण्याची तिची योजना असल्याने पूर्वानुमानाच्या अभ्यासाला लागणारी सामग्री तीतून मिळण्यासारखी आहे.

परदेशी मापश्रेण्या येथे जशाच्या तशा लावण्यात मात्र अडचणी आहेत. आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीतील सोळा कामांत जिने, उतार, निसरडी जागा, गर्दी, आप्तांच्या घरी जाणे यांचा समावेश आहे. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसून उठणे, जेवणासाठी वा पूजेसाठी जमिनीवर मांडी घालणे, एस. टी. च्या उंच पायरीवर चढणे यांचा नाही. गुडघेदुखी असलेल्या वृद्धेला नेमकी हीच कामे धास्तीची वाटतात. कोकणात पावसाळ्यात शेवाळलेले अंगण हाच मोठा धोका असतो, तर मुंबईच्या जुन्या चाळींत अरुंद, काळोखे जिने. शेतीकाम वा घरकाम सुटणे ज्यांना परवडत नाही अशा व्यक्ती भीती असूनही कामे टाळत नाहीत; ‘टाळणे’ हाच भीतीचा निकष धरला, तर त्यांची भीती मोजलीच जाणार नाही.

प्रतिबंध व उपचार : पूर्वसूचक घटकांपैकी वय व लिंग बदलता येत नाहीत, दृष्टी, औषधे, बैठेपणा, खिन्नता व एकाकीपणा यांबाबत काही करता येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर करणे, झोपेच्या व शामक गोळ्यांचा फेरविचार करणे, न्हाणीघरात पकडदांडा व रात्री पुरेसा उजेड यांची सोय करणे हे उपाय सर्वमान्य आहेत. व्यायामाने भीती काही प्रमाणात कमी होते, असे २०१४ मधील ३० चाचण्यांच्या समीक्षेत दिसून आले. परिणाम बेताचा होता. भीतीविषयीच्या समजुती तपासून टाळलेल्या हालचाली टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करविणारे गटवर्ग बॉस्टन येथे टेन्स्टेट व सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास आखले. त्यांवर आधारलेल्या कार्यक्रमाची नेदर्लंड्समध्ये ५४० वृद्धांवर चाचणी घेण्यात आली (२००९) व भीती आणि टाळाटाळ दोन्ही कमी झाल्याचे आढळले.

पडल्यानंतर जमिनीवरून उठावे कसे, हे शिकविण्याकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. टिनेटी व सहकाऱ्यांच्या १९९३ मधील अभ्यासात, दुखापत न होताही पडलेल्या व्यक्तींपैकी ४७ टक्के जणांना निदान एकदा तरी मदतीवाचून उठता आले नव्हते. प्रथम कुशीवर वळणे, मग हातांवर भार देऊन गुडघ्यांवर येणे, जवळच्या पलंगापर्यंत वा खुर्चीपर्यंत रांगत जाणे आणि तिच्या आधाराने एक पाऊल पुढे रोवून उठणे, हा क्रम भौतिकोपचारतज्ञाच्या देखरेखीखाली घोटून घेता येतो. आयुष्यभर जमिनीवर बसण्याची सवय असलेल्यांना तो लवकर साधतो. ती सवय पन्नाशीनंतरही पूर्णपणे मोडू न देणे हा त्याचा सर्वांत स्वस्त पूर्वाभ्यास होय. गुडघे किंवा खुबे बदललेल्या व्यक्तींनी मात्र शल्यचिकित्सकाचा सल्ला घेतल्याखेरीज तो करू नये.